सगळ्यांना चालणारं ताट

२०२५च्या २२ सप्टेंबरला सकाळी घरोघरी घट बसले आणि त्याच दिवशी सूर्य मावळल्यावर ठाण्यात, पनवेलला, अलिबागच्या इस्रायल आळीत बेने इस्रायली ज्यू घरांमध्ये नवं वर्ष लागलं. पुढे २ ऑक्टोबरला इकडे दसरा, तिकडे योम किप्पूरचा कडक उपास. कोजागरीच्या संध्याकाळी त्यांचा सुक्कोथचा मांडव सजला. त्या वर्षी मार्चमध्ये होळी पेटली त्याच रात्री पुरीम होता, आणि हनुमान जयंतीच्या संध्याकाळी पेसाह, म्हणजे वल्हांडण सुरू झालं होतं.

हा निव्वळ योगायोग नाही. दोन्ही पंचांगं महिना चंद्रावर मोजतात आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून अधूनमधून एक महिना वाढवतात. आपल्याकडे तो अधिक मास, त्यांच्याकडे जादाचा अदार. त्यांच्या हिशेबात १९ वर्षांत ७ वेळा. दोघांचा वाढीव महिना एकाच वेळी येत नाही, म्हणून कधी अंतर पडतं. २०२६ला आपला ज्येष्ठ अधिक, त्यामुळे त्यांचं नवं वर्ष नवरात्राला न लागता ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी, गणपती बसण्याच्या तीन दिवस आधी येतं. पण ऋतू तोच राहतो. भात पोटरीत असतं, बाजारात तीच भाजी, तेच नारळ. दोन शेजारी घरं एकाच आठवड्यात, एकाच बाजारातून, आपापला सण रांधतात. तो कसा रांधतात आणि एकमेकांच्या घरी कसा पोहोचवतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

बेने इस्रायली हे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. याच समाजातल्या हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. तो १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. कोकणातल्या जुन्या बेने इस्रायलींचे सण कसे होते, ते आपल्याला मुख्यतः तिथून कळतं.

त्या सणांची नावं वाचताना स्वयंपाकघरातला वास येतो. नव्या वर्षाचा तो नव्याचा सण. त्यानंतर लगेच खिरीचा सण: नव्या धान्याची, नारळाच्या रसातली गोड खीर, समोर ऊद जाळायचा आणि शेमा ही प्रार्थना म्हणायची. आपल्याकडच्या नवान्नाचा हा सख्खा भाऊ. पुरीम म्हणजे होळीचा सण. वल्हांडणाला घरातली आंबवलेली वस्तू बंद करायची असते, म्हणून आंबट कालवणाची बरणी झाकून ठेवायचा तो अनाशी ढाकायचा सण. योम किप्पूरला अख्खं कुटुंब पांढऱ्या कपड्यांत दारं लावून आत बसे. तो दारफाळणीचा सण. दुसऱ्या दिवशी दानधर्म करायचा, आप्तांकडे जायचं. त्याचं नाव शिळा सण. एलूल महिन्यातल्या उपासांना तर ते रमजानच म्हणत. शेजारी मुसलमान होते, कुणबी होते, कोळी होते. धर्म त्यांनी आपला सांभाळला, आणि त्याला नावं आणि चव गावातली दिली.

जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास जुलै-ऑगस्टमध्ये येतो. हा बिरड्याचा सण. शोकाच्या दिवशी मसूर किंवा तत्सम कडधान्य खाण्याची रीत जगभरच्या ज्यू समाजात आढळते. कोकणात त्या जागी कडवे वाल आले. भर पावसाळ्यात रायगडातल्या कुठल्याही घरात याच दिवसांत वाल भिजत असतात. ते मोडवायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे, नारळ घालून शिजवायचे. श्रावणात शेजारणीच्या घरीही हेच चाललेलं असतं. तिच्याकडे सोमवार सोडायचा असतो, यांच्याकडे मंदिराचा शोक. टोपलीतले वाल एकाच शेतातले.

आता बेने इस्रायली घरात सणाचा बेत कसा ठरतो ते पाहू, कारण खरी हुशारी तिथे आहे.

पहिला नियम, मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. नुसतं एका भांड्यात नव्हे, एका पंगतीत सुद्धा. मटण असेल तर दही नाही, तूप नाही, शेवटी बासुंदी नाही. मांस खाल्ल्यावर दुधाच्या पदार्थासाठी काही तास थांबायचं. दुसरा नियम, मासा पर आणि खवलं असलेलाच. पापलेट, रावस चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी नाहीत. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हा त्याग काय आहे, ते कोकणी वाचकाला समजावून सांगायला नको. तिसरा, जनावर जाणत्या माणसाने रीतीप्रमाणे कापलेलं हवं, आणि रक्त निघून जावं म्हणून मांस पाण्यात ठेवून, मीठ लावून, धुवून घ्यायचं.

एवढ्या कुंपणात सणाचं जेवण मोकळं कसं झालं? नारळामुळे. मटणाच्या रश्श्याला दाटपणा नारळाच्या रसाचा, आणि जेवणानंतरचा गोड पदार्थही नारळाच्या रसातला. नारळ दुधातही मोजला जात नाही, मांसातही नाही. तो दोन्हीकडे चालतो. इतर देशांतल्या ज्यू गृहिणीला मांसाच्या जेवणानंतर गोड काय द्यायचं हा प्रश्न पडत असेल. कोकणातल्या बाईपुढे त्याचं उत्तर परसात उभं होतं.

नव्या वर्षाचा चिकाचा हलवा हा या उत्तराचा सर्वांत देखणा नमुना. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, वाटायचे, पिळून चीक काढायचा, तो खाली बसू द्यायचा, वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. इथपर्यंत कुरडया घालणाऱ्या प्रत्येक मराठी बाईला हे काम हाताला पाठ आहे. पुढे वाट वेगळी होते. चिकात नारळाचा घट्ट रस आणि साखर घालून जाड बुडाच्या भांड्यात घाटत राहायचं. चीक तळाला धरतो, म्हणून हात थांबवायचा नाही. तास-दोन तास लागतात, एकटीला झेपत नाही, बहिणी-जावा-शेजारणी आळीपाळीने घाटतात. मिश्रण कडा सोडू लागलं की वेलची घालून ताटात ओतायचं. बऱ्याच घरी त्याला गुलाबी रंग देतात. वर बदाम-पिस्ते पेरायचे आणि गार झाल्यावर वड्या पाडायच्या. आता पुष्कळ जण चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास वापरतात. वेळ वाचतो हे खरं, पण चिकाची ती चिवट-मऊ ओढ त्यात येत नाही, आणि वर्षातून एकदा करायच्या पदार्थात ती ओढ सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

२०२६ला या बेतात आणखी एक पेच आहे. नवं वर्ष शुक्रवारी संध्याकाळी लागतं, म्हणजे सणाचा पहिला दिवस शब्बाथ, शनिवारच्या विसाव्याचा. एरवी सणाच्या दिवशी आधीपासून पेटत असलेल्या विस्तवावर रांधता येतं. शब्बाथला अजिबात नाही. म्हणजे शुक्रवारी दिवे लागण्याआधी सगळं तयार हवं. सोमवारी किंवा मंगळवारी गहू भिजवायचे, गुरुवारी हलवा घाटायचा, शुक्रवारी सकाळी मटण आणि भात. प्रार्थनेच्या प्याल्यासाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायचं. कोकणातल्या खेड्यात धर्माला चालेल अशी वाईन कुठून मिळणार? द्राक्षाचं फळ तर हवं. ती अडचण मनुकांनी सोडवली, आणि वाईन मिळते अशा दिवसांतही हे सरबत अनेक घरांत टिकून आहे.

आता शेजाऱ्याकडे ताट पाठवायची गोष्ट. आपण सणाला पाहुणा बोलावतो तेव्हा बेत ठरवताना आपल्या घरची खासियत आधी आठवतो. मला वाटतं, सुरुवात उलट्या टोकाने करावी: येणारा काय खात नाही, ते आधी विचारावं. आपल्याकडे विचारायला संकोच वाटतो, पण ज्याच्या घरी नियम आहेत त्याला हा प्रश्न अपमान वाटत नाही, उलट आपल्याला ओळखलं असं वाटतं. दिवाळीचं फराळ बेने इस्रायली शेजाऱ्याकडे जाणार असेल तर साजूक तुपातला बेसनलाडू दुधाच्या बाजूला पडतो, तेलातली चकली आणि चिवडा कुठेही बसतात. डबा भरताना दोन्ही वेगळे ठेवले, कशात तूप आहे ते सांगितलं, की त्यांनी काय कधी खायचं ते त्यांचं त्यांना ठरवता येतं. नियम घरोघर कमी-जास्त कडक असतात. काही जण बाहेरच्या भांड्यात शिजलेलं काहीच घेत नाहीत. तिथे अख्खी फळं, नारळ, खजूर, बदाम द्यावेत.

आणि त्यांच्या बाजूने येणारा मलिदा तर या विचारातूनच घडल्यासारखा आहे. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात, मूल बरं झालं म्हणून, तू बिश्वात या झाडांच्या सणाला, एलियाहू हानाबी या संदेष्ट्याच्या नावाने बेने इस्रायली घरात मलिदा होतो. दख्खनमध्ये दर्ग्यावर मलिदा चढवतात, तो पोळी कुस्करून गूळ-तुपात केलेला. इथे पोळीच्या जागी पोहे. ते भिजवून निथळायचे, खोबरं खवून घालायचं, गूळ किंवा साखर, वेलची, जायफळ, बेदाणे, बदाम. ताटात ढीग रचायचा, भोवती फळं मांडायची. मग जमलेली मंडळी एलियाहूचं गीत म्हणतात आणि आशीर्वाद म्हणून एकेक वस्तू उचलली जाते. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा. केळ जमिनीच्या आशीर्वादात धरतात, कारण धर्मशास्त्राच्या मते केळीला झाडाचं खोड नाही. सुवासाचाही आशीर्वाद आहे, त्यासाठी सब्जाची पानं किंवा गुलाब ठेवतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात. तिथे हे लोक नवस बोलायला आणि मलिदा करायला जातात.

या ताटात मांस नाही, दूध नाही, तूप नाही, कांदा-लसूण नाही, चूलही लागत नाही. जैन शेजारी खाऊ शकतो, मुसलमान शेजारी खाऊ शकतो, उपास नसेल त्या दिवशी कुठलाही हिंदू खाऊ शकतो, आणि मटणाच्या जेवणानंतर यजमान स्वतःही खाऊ शकतो. वेगवेगळ्या नियमांची माणसं एका छताखाली जेवायला बसणार असतील तर बेत आखणाऱ्याने हे ताट समोर ठेवून शिकावं. वाटून खाण्यासाठी कुणालाही आपला नियम मोडावा लागत नाही, एवढं ते दाखवून देतं.

१९४८नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. अश्दोद, लोद, रामला, बेरशेवा, दिमोना इथे त्यांची वस्ती झाली. तिथे मलिदा अजून होतो. हैफातल्या एलियाहूच्या गुहेपाशीही हे लोक तो घेऊन जातात. मोरोक्को, इराकमधून आलेल्या शेजाऱ्यांच्या हातावर खोबरं लावलेले पोहे ठेवले जातात. महाराष्ट्रात राहिलेले थोडे आहेत. २०१६ साली राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यांचं जेवण वाचून समजून घ्यायचं असेल तर एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचल’ ही कादंबरी आहे. कोकणात एकटी राहणारी एक ज्यू बाई, आणि प्रकरणागणिक एक पाककृती. तिला २०१०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मलिदा करून पाहायचा असेल तर जाडे पोहे घ्या, चाळणीत धुवा, पाण्यात बुडवून ठेवू नका, लगदा होतो. दोन वाट्या पोह्यांना एक वाटी ओलं खोबरं पुरेसं आहे. गूळ बारीक चिरून हाताने चोळा म्हणजे सगळीकडे सारखा लागतो. ओलं खोबरं संध्याकाळपर्यंत आंबतं, म्हणून आधी माणसं मोजा, मग पोहे भिजवा, आणि उरेल असं वाटलं तर दुपारीच शेजारच्या दोन घरी वाट्या पाठवून द्या.