वाडा पाहावा भिंतीत

पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला. दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीकडचा आणि सागवान जुन्नरच्या जंगलातलं, असं त्याच्या सामानाबद्दल सांगतात. १८२८च्या आगीत लाकूड गेलं, दगड राहिला. जुन्नरकर ही हकीकत सांगताना सागवानापाशी आवाज चढवतात, आणि तो चढावाच. पण वाडे बघत हिंडण्याचा नाद लागल्यापासून माझा ओढा दगडाच्या बाजूला आहे. केळफुलांच्या नक्षीचे खांब सगळेच बघतात. मी भिंती बघतो.

या जुन्नर भागाचा इतिहास थोडक्यात उरकतो. सातवाहनकाळापासून नाणेघाटातून कोकणात उतरणारा व्यापारी रस्ता, निजामशाहीची सुरुवातीची राजधानी, १६३०चा शिवजन्म, १६५७ची शिवरायांची जुन्नरवरची स्वारी, पुढे पेशवाई. इतक्या सत्ता पाहिलेल्या मुलखात सावकार, देशमुख, कुलकर्णी यांची भक्कम घरं होणारच. जुन्नरच्या पेठा, ओतूर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर असं फिरलं की त्यांतली काही अजून भेटतात. मांडणी ओळखीचीच: दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर, देवघर, मागे परसू.

आता भिंत. वाड्याच्या मजल्यांचं बरंचसं ओझं लाकडी सांगाडा पेलतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फूट. घर किती मोठं, हे खणांतच सांगायची पद्धत होती. खाली काळ्या दगडाची आणि वर विटामातीची भिंत या सांगाड्याभोवती उभी राहते. पुष्कळ ठिकाणी तिची जाडी दोन-तीन हात भरते. एवढी जाडी, आणि खणातल्या जागेवर भार कमी. मग गवंड्याने ती आतून कोरली नसती तरच नवल!

पहिला मान कोनाड्याचा. महिरपीचा, हातभर उंचीचा, समई किंवा पोथी ठेवायला. त्याहून लहान देवळी पणतीपुरती. तिच्या माथ्यावरची काजळी कितीही रंग दिला तरी पुन्हा उमटते. मग लाकडी दारांचं फडताळ, आणि पागोट्यासाठी भिंतीत ठोकलेल्या खुंट्या. दाराशेजारी अडसराची खोल खाच असते. दार उघडं असताना अख्खा वासा त्या खाचेत सरकलेला, रात्री बाहेर ओढून समोरच्या भिंतीतल्या भोकात घातलेला. मोठ्या कुलपाहून मला हा बंदोबस्त जास्त पटतो. बाहेरून त्याला हातच लावता येत नाही.

भिंतीतल्या जिन्यावर मात्र माझं थोडं भांडण आहे. अंधारा, अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल असा. वरच्या तोंडाशी आडवं दार. वाटाडे तो शत्रूला अडवण्यासाठी होता असं सांगतात. दरोड्याच्या रात्री उपयोग झालाही असेल. पण माझ्या मते मुख्य हिशेब जागेचा होता. जिना भिंतीत गेला की माजघराचा एकही खण वाया जात नाही.

आणि बळद! भिंतीतलं धान्याचं कोठार. वरच्या मजल्यावरून ओतायचं, खाली बोळा काढून भोकातून घ्यायचं. आत राख आणि कडुलिंबाचा पाला. आंबेगाव तालुक्यातल्या एका घरात आजींनी मला बळदाचं तोंड दाखवलं. म्हणाल्या, “वरून मामंजी ओतायचे, खालून आम्ही सुना काढायच्या. किती उरलंय ते त्यांनाच ठाऊक.” घरातला कारभार कुणाच्या हाती होता, हे त्या भोकापाशी जितकं कळलं तितकं कुठल्या बखरीत कळलं नाही.

थोडं आडवळण. या भिंतींचा चुना घाणीत मळायचे: गोल चर, त्यात दगडी चाक, ओढायला बैल. चुन्यात गुळाचं पाणी आणि हिरडा घालायची जुनी रीत. हिरडा म्हणजे आपल्याच पश्चिम पट्ट्याचं धन. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतले महादेव कोळी आजही बाळहिरडा गोळा करून विकतात. औषधाच्या आणि कातडी कमावण्याच्या धंद्यात त्याला मागणी असते. भिंतीतल्या हिरड्याचं नाव कुणी घेत नाही.

भिंतींची तुलनाच करायची तर लंडनची शहरी घरं घ्या, तीही साधारण पेशवाईच्याच काळातली. १६६६च्या आगीनंतर दुसऱ्याच वर्षी तिथे कायदा झाला: घरं विटांची किंवा दगडाची हवीत, भिंतीची जाडी अमुक इतकी हवी. पुढे १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता, म्हणून लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. आपल्याकडे कर नसतानाही वाड्याने रस्त्याकडे पाठ केली आणि उजेड चौकातून घेतला. तिकडे भिंत सरकारच्या मापाने वाढली, इकडे घरच्या गरजेने.

आज या भिंतींना दोन शत्रू आहेत. एक, सिमेंटचा गिलावा. मातीची आणि चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वर सिमेंट फासलं की ओल आत कोंडते, भिंतीतले खांब कुजतात आणि मग वाळवी येते. दुसरा शत्रू वाटणी. वाडा उतरवला की खांब, तुळया, नक्षीची दारं यांना गिऱ्हाईक मिळतं. बळदाला कोण घेणार? ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळालं ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. गाव उठतं तेव्हाही हेच: दार-चौकटी बैलगाडीतून नेता येतात, भिंत नेता येत नाही.

म्हणून घरात जुना वाडा असलेल्या वाचकांना एक विनंती. दुरुस्ती करायची तर चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा. महाग पडेल, पण टिकेल. पाडायचाच असेल तर आधी टेप घेऊन भिंतीची जाडी मोजा, कोनाडे, जिना, बळद यांचा नकाशा काढा, फोटो घ्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कशात काय ठेवत होते ते लिहून ठेवा. दोन दिवसांचं काम आहे. दिवाळीला सगळे घरी येतातच, तेव्हा ते उरकूनच घ्या.