चिक्की विकायची की साचा बनवायचा?

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "ताई, दुकानासाठी सॉफ्टवेअर बनवून घेऊ का?" आधी माझी चूक ऐका.

लोणावळ्यात दुकान सुरू केलं तेव्हा एका मुलाकडून ४० हजारांत बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवून घेतलं. त्याला नोकरी लागली, तो गेला. ऐन पावसाळ्यात, शनिवारच्या गर्दीत ते बंद पडलं. कोड माझ्याकडे नाही, बॅकअप नाही. दोन दिवस वहीवर बिलं फाडली.

मुंबईच्या ऋषभ मेहतांनाही सॉफ्टवेअरचा त्रास झालाच. शिक्षण इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं, घरचा धंदा फर्निचरचा. तिथे ईआरपी, म्हणजे स्टॉक, खरेदी, विक्री, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवायचा प्रयत्न फसला. मग ते स्वतः कोडिंग शिकले आणि २००८ मध्ये कंपनी काढली. त्यांचं ईआरपीनेक्स्ट आज देशोदेशी वापरतात.

पण खरी गंमत पुढे आहे. बिल असो की खरेदीची ऑर्डर, प्रत्येक फॉर्मसाठी तेच काम पुन्हा करावं लागतं: माहिती साठवायची जागा, स्क्रीन, यादी, कोणाला काय दिसावं. म्हणून त्यांनी साचाच बनवला, फ्रॅपे फ्रेमवर्क. "बिलात तारीख, ग्राहक, माल, दर हवा" एवढं सांगा, बाकीचा सांगाडा तो उभा करतो. डेव्हलपर टूल म्हणतात ते हेच, प्रोग्रामरसाठी बनवलेलं अवजार.

आपल्या चिक्कीसारखंच बघा. शेंगदाणा, तीळ, काजू, माल बदलतो. पण जाडी एकसारखी यायला पट्ट्या आणि कापायला कटर तोच. चिक्की विकणारे शेकड्याने, पट्ट्या आणि कटर बनवणारे मोजकेच!

दोन्ही गोष्टी ओपन सोर्स आहेत, कोड कोणालाही फुकट मिळतो. मग कमाई कशातून? सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालवून देणं आणि सपोर्ट, यातून. २०२० मध्ये झिरोधाच्या रेनमॅटरने कंपनीत पैसे गुंतवले. म्हणजे सुरुवातीपासून १२ वर्षांनी. घाई करणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा:

१. कोड माझ्या ताब्यात राहणार का?
२. माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढता येतो का?
३. बनवणारा उद्या गेला तर दुसरा कोणी हे चालवू शकेल का?

एकाचंही उत्तर "नाही" आलं तर थांबा. तयार मिळतंय का ते आधी बघा.

आणि स्वतःच्या धंद्यातही लक्ष ठेवा. एकच काम तिसऱ्यांदा करताय? मग त्याचा साचा करा, साधी एक्सेल शीट का असेना. कोण जाणे, उद्या शेजारचा दुकानदार तीच शीट तुमच्याकडून विकत घेईल.