यंत्रांचे बारसे

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात सोडा हॉल नावाची एक इमारत आहे. संगणकशास्त्राचा विभाग तिथे आहे. या इमारतीच्या वातानुकूलन यंत्रणेतल्या एका नोंदीचे नाव संशोधकांनी आपल्या निबंधात उदाहरण म्हणून दिले आहे. रोमन अक्षरांतले ते नाव आपल्या लिपीत असे होईल : एस-ओ-डी-ए-१-आर-३००-ए-आर-टी. वाचणारा साहजिकच ‘सोडा’ वाचतो आणि तिथेच फसतो. इमारतीची अक्षरे तीनच. चौथा ‘ए’ पुढच्या एकाशी जोडायचा, म्हणजे हवा खेळवणारे यंत्र क्रमांक एक. मग ३०० क्रमांकाचा विभाग. आणि शेवटचे ‘ए-आर-टी’ म्हणजे कला नव्हे हो, त्या विभागातले तापमान!

संगणकातली मातब्बर मंडळी जिथे बसतात, तिथली ही तऱ्हा. मग इतरांचे काय विचारावे?

मोठे रुग्णालय, मॉल किंवा पुण्या-मुंबईकडची काचेची कार्यालये आपण पाहतो तेव्हा लिफ्ट दिसते, फरशी दिसते. छताच्या वर आणि भिंतींच्या आत काय चालले आहे, ते दिसत नाही. एकीकडे पाणी थंड होत असते, ते पाणी हवेला थंड करते, ती हवा पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्यांत जाते. वाटेत जागोजाग झडपा, पंखे, तापमान मोजणारी उपकरणे. यातले प्रत्येक मोजमाप आणि प्रत्येक हुकूम म्हणजे एक ‘पॉइंट’. मोठ्या इमारतीत असे पॉइंट हजारांनी मोजावे लागतात, आणि प्रत्येकाला नाव हवे.

हे नाव ठेवते कोण? आपल्याकडे बारशाला निदान आत्या तरी असते. इथे इमारत ताब्यात द्यायची तारीख तोंडावर आलेली, आणि ठेकेदाराचा एखादा तरुण अभियंता रात्री जागून यादी भरत असतो. त्याला सुचेल ते नाव. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानाला एक जण ‘एसएटी’ म्हणतो, दुसरा ‘डीएटी’. वस्तू एकच. स्वयंपाकघरात वाटाण्याच्या डब्यात साबुदाणा आणि बिस्किटांच्या डब्यात गरम मसाला असतो, तसेच हे. घरच्या बाईला सारे पाठ असते. ती चार दिवस माहेरी गेली की घरातल्यांची जी अवस्था होते, ती इथे जुना मेकॅनिक निवृत्त झाला की साऱ्या इमारतीची होते.

वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलतच नाहीत, ही अडचण अमेरिकेत फार आधी ध्यानात आली होती. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘अ‍ॅश्रे’ या संस्थेने १९८७ मध्ये एक समिती बसवली. कॉर्नेल विद्यापीठातले एच. मायकेल न्यूमन तिचे अध्यक्ष. तिच्या खटपटीतून १९९५ मध्ये ‘बॅकनेट’ हे मानक आले आणि यंत्रे बोलू लागली. पण कोण बोलतो आहे, हे कुठे कळले? फोन लागला, आवाज स्वच्छ आला, पलीकडचा म्हणाला, ‘साडेतेवीस अंश’. कुठले साडेतेवीस, खोलीतले की बोगद्यातले, हे त्याच्या नावावरून ओळखायचे. आणि नावाची कथा वर सांगितलीच.

याने बिघडते काय, असे कुणी विचारील. एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या पुष्कळ कार्यालयांत हवा आधी मध्यवर्ती यंत्रात चांगली थंड करतात आणि मग खोलीच्या तोंडाशी गरजेप्रमाणे थोडी गरम करतात. आता गरम पाण्याची झडप अडकून उघडीच राहिली, तर एकीकडे थंड करणे आणि दुसरीकडे तापवणे दिवसरात्र चालू राहते. खोलीतल्या माणसाला मात्र काहीच जाणवत नाही; त्याला हवी तेवढीच हवा मिळत असते. तो तक्रार करीत नाही. तक्रार करते ते फक्त वीजबिल आणि गॅसचे बिल, आणि ते वाचणारा दुसऱ्या मजल्यावर बसतो. जगात वापरली जाणारी सुमारे ३० टक्के ऊर्जा इमारती चालवण्यात जाते, हे लक्षात घेतले म्हणजे असली झडप किरकोळ वाटत नाही. ती पकडायला संगणकाला दोन ओळींचा नियम पुरे : दोन्ही झडपा एकदम उघड्या दिसल्या की घंटा वाजव. पण हजार नोंदींतली झडप कुठली? कुठे ‘सीसीव्ही’, कुठे ‘सीएचव्ही’, कुठे नुसतेच ‘व्ही-२’. नियम दोन ओळींचा, आणि नावे उलगडण्याचे काम आठवडेच्या आठवडे चालणारे. शिवाय दुसऱ्या इमारतीत गेले की पुन्हा श्रीगणेशा.

बँकेत आमच्याकडे ‘सस्पेन्स’ नावाचे खाते असे. कुणाचे, कशाचे ते न कळलेले पैसे त्यात पडून. एका शाखेत मी पाहिलेली नोंद आजही आठवते : रकमेसमोर तपशील एवढाच, ‘साहेबांच्या सांगण्यावरून’. साहेबांची बदली होऊन चार वर्षे लोटली होती!

२०११ मध्ये अमेरिकेत ‘प्रोजेक्ट हेस्टॅक’ सुरू झाला. हेस्टॅक म्हणजे गवताची गंजी. त्यात सुई शोधायची. त्यांची युक्ती साधी होती. नाव काहीही असू द्या, त्याला ठरलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवा : बाहेर पडणारी, हवा, तापमान, मोजणारे उपकरण. या चिठ्ठ्यांना ते ‘टॅग’ म्हणतात. शब्दांचा कोश सर्वांना खुला, फुकट. मला या योजनेतला साधेपणा आवडतो. कारकुनालाही समजेल अशी ती आहे.

पण पंडित मंडळी गप्प कशी बसतील? आणि त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. शाळेत आपण समासाचा विग्रह शिकलो, तो आठवा. ‘गरम’, ‘पाणी’, ‘झडप’ अशा तीन चिठ्ठ्या आहेत. म्हणजे गरम पाण्याची झडप, की पाण्याची गरम झडप? माणूस अंदाजाने ओळखतो, यंत्राला विभक्तीचे प्रत्यय लागतात. कोणत्या यंत्राची, कोणत्या इमारतीची हे सांगणारे दुवे हेस्टॅकमध्ये होते. पण चिठ्ठ्यांच्या आपापसातल्या नात्याचे व्याकरण ढिले होते. पुढे त्यांनीही आपला कोश अधिक काटेकोर केला. मात्र २०१६ मध्ये अमेरिकेतली काही विद्यापीठे आणि डेन्मार्कमधले संशोधक यांनी ‘ब्रिक’ नावाची वेगळी रचना मांडली. तिच्यात वस्तूंचे प्रकार ठरलेले आणि नातीही ठरलेली : हे यंत्र त्या खोलीला हवा पुरवते, ही झडप त्या यंत्राचा भाग आहे. सहा निरनिराळ्या इमारतींतल्या १७,७०० नोंदी त्यांनी या व्याकरणात बसवल्या आणि ऊर्जाबचतीचे आठ संगणकीय कार्यक्रम, काहीही न बदलता, या इमारतींवर चालवून दाखवले. ‘काहीही न बदलता’ यातच सारे आले.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला, तो अशाच कारणाने. वडगावे किती आणि पिंपळगावे किती! सहा आकड्यांची ही व्यवस्था बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर सरकारी अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. पण त्यांच्या पाठीशी सबंध टपाल खाते होते. इमारतींच्या जगात असे एक खाते नाही. २०१८ मध्ये अ‍ॅश्रेची बॅकनेट समिती, हेस्टॅक आणि ब्रिक यांनी मिळून २२३ क्रमांकाच्या एका समाईक मानकावर काम करण्याचे जाहीर केले, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचे झाले. दोन कोश आणि दोन व्याकरणे घेऊन बसण्यापेक्षा ते बरे.

तरी चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम उरतेच, आणि ते कंटाळवाणे आहे. ठेकेदाराला त्याची घाई नसते, का असावी? इमारत तुमची, बिल तुमचे, पण नावांचा अर्थ त्याच्याजवळ, म्हणजे दुरुस्तीचे कंत्राट दरवर्षी त्याच्याकडेच. सावकाराची मोडी लिपीतली वही कुळाला वाचता येत नसे, तसलाच हा मामला.

वाचकांत एखाद्या रुग्णालयाचे विश्वस्त, एखाद्या शिक्षणसंस्थेचे चिटणीस असतीलच. नवी इमारत ताब्यात घेताना चाव्यांबरोबर पॉइंटांची यादी मागावी, आणि ती ठरलेल्या मानकाच्या चिठ्ठ्यांसह द्यावी, ही अट निविदेतच घालावी. मागाहून घातली तर तिचे वेगळे पैसे पडतात. यादी आली की त्यातली कुठलीही एक ओळ घ्यावी, ठेकेदाराला बाहेर बसवावे आणि ते उपकरण नेमके कुठे आहे, ते आपल्या माणसाला शोधून दाखवायला सांगावे. सापडले नाही तर ठेकेदाराची राखून ठेवलेली रक्कम इतक्यात सोडू नये.