सेकंदाला ठोके किती?

पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत 2018 साली ‘प्रत्युष’ आला आणि 2024 मध्ये 11.77 पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’. अशा महासंगणकावर मॉन्सूनचं गणित हजारो कोअरना वाटून दिलेलं असतं. प्रत्येक टप्प्यावर त्यांना एकमेकांची उत्तरं लागतात, त्यामुळे एक कोअर मागे पडला की बाकीचे खोळंबतात. म्हणून इथे कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, घड्याळाचे ठोकेही हिशेबात धरावे लागतात.

टायमर ठरावीक काळाने प्रोसेसरचं चालू काम थांबवतो. कोणाची पाळी संपली, कोणाची मुदत भरली, हे कर्नल तेवढ्यात पाहून घेतो. लिनक्समध्ये असे ठोके सेकंदाला किती, हे ‘एचझेड’ ठरवतो. इंटेलच्या 32 बिटी यंत्रांवर 2.4 मालिकेपर्यंत तो 100 होता, 2.6.0 ला 1000 झाला. प्रतिसाद चपळ झाला, पण व्यत्यय आणि विजेचा खर्च वाढला. 2005 च्या 2.6.13 पासून निवड कर्नल कंपाइल करणाऱ्याच्या हाती आली, आणि काही सांगितलं नाही तर 250. म्हणजे सतत कामात असलेल्या एका कोअरला दिवसाला 2 कोटी 16 लाख ठोके! पुढे 300 ही आला. त्याला व्हिडिओच्या 25 आणि 30 या दोन्ही गतींनी पूर्ण भाग जातो. मॅन्युअलमधल्या ‘टाइम’च्या पानावर हे कारणासकट लिहिलेलं आहे. मला ते पान फार मोलाचं वाटतं.

कारण नुसता आकडा फसवतो. ‘गेटकॉन्फ’ या कमांडला विचारलं तर ती 100 सांगते, कर्नल 1000 ने चालत असला तरी. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून बाहेर दाखवायचा दर वेगळा ठेवला आहे. कर्नलच्या ‘प्रॉक’ फाइलींमध्ये ठोक्यांत दिलेल्या वेळेला कोणी 250 ने भागलं, तर एका सेकंदाचं काम 0.4 सेकंदाचं दिसतं. खरा दर कर्नलच्या कॉन्फिग फाइलमध्ये सापडतो, आणि मोजमापाच्या अहवालात तो लिहायलाच हवा.

ठोके मोजणारा 32 बिटी ‘जिफीज’ 1000 च्या दराने 49.7 दिवसांत भरून पुन्हा शून्यावर येतो. हे उलटणं न सांभाळणाऱ्या कोडमधली चूक इतक्या उशिरा उघडी पडू नये, म्हणून कर्नल मोजणी अशा आकड्यापासून सुरू करतो की यंत्र चालू झाल्यावर पाचच मिनिटांत काटा उलटावा. किती दूरदृष्टी आहे यात!

2013 च्या 3.10 मध्ये, एकच काम करणाऱ्या कोअरचे ठोके जवळजवळ बंद करायची सोय आली. मात्र सगळ्यांचे नाही: वेळ राखायला किमान एका कोअरला ठोके घेत राहावंच लागतं.