इंजिनाचे वय कशात मोजायचे?

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतली शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. ताडदेवच्या आरटीओत तिची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला घालून दिलेली वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून ती थांबली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून जे मजकूर आले ते मृत्युलेखाच्या थाटाचे होते. पण गाडी मेलेली नव्हती. आदल्या दिवसापर्यंत ती भाडे मारत होती. इंजिन संपले नव्हते, कागद संपला होता.

गाड्यांच्या गप्पा निघाल्या की आपल्याकडे एक वाक्य हमखास येते : ‘जुनं लोखंडच वेगळं होतं.’ हुपरी-इचलकरंजी रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजात बाकावर बसा, अर्ध्या तासात ते कानावर पडेल. गेली काही वर्षे मी हे वाक्य तपासून पाहतो आहे. माझे शिक्षण यंत्रशास्त्रातले नाही. वाचन, मेस्त्री लोकांशी बोलणे आणि उघडलेली इंजिने बघणे, एवढ्याच भांडवलावर जे हाती लागले ते इथे मांडतो.

आधी दोन शब्द वेगळे केले पाहिजेत, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. भरवसा म्हणजे सकाळी किल्ली फिरवली की गाडी चालू होणार आणि घाटात मध्येच बसणार नाही. टिकाऊपणा म्हणजे ती चाळीस वर्षांनीही रस्त्यावर असणार. आपण ‘दणकट’ या एका शब्दात दोन्ही कोंबतो. पद्मिनीला भरवशाची गाडी म्हणणारा माणूस बहुधा पद्मिनी चालवलेला नसतो. थंडीत चोक ओढायचा, काही हजार किलोमीटरला पॉइंट घासायचे, टॅपेट सेट करायचे, ग्रीस मारायचे, उन्हाळ्यात घाट चढताना रेडिएटरकडे लक्ष आणि डिकीत पाण्याचा कॅन. रोज काहीतरी मागणारी ती गाडी होती. पण मागितलेले दिले की ती पुढे चालायची, आणि असे दशकानुदशके चालायची.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० च्या परवान्यावर निघालेली गाडी १९६४ मध्ये ‘डिलाइट’, मग ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. म्हणजे एका लिटरमागे ३७. आजच्या एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनातून शंभर ते एकशेवीस अश्वशक्ती काढतात. एवढ्याशा जागेत तिप्पट स्फोट, तिप्पट उष्णता. जुने इंजिन बलदंड होते असे नाही. त्याच्याकडून काम कमी करून घेतले जात होते. बैल दणकट की ओझे हलके, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

आणि लोखंड? लोखंड आज अधिक चांगले आहे. कार्ब्युरेटरच्या काळात इंजिन लाखभर किलोमीटरला उघडावे लागले तर त्यात कुणाला नवल वाटत नसे. बोअर करून घेतले, रिंगा बदलल्या, पुन्हा जोडले, चालू. आजचे साधे पेट्रोल इंजिन वेळेवर ऑइल बदलले तर दोन लाखांपुढे न उघडता जाते. मग जुनी गाडी दणकट वाटते ती का? एक कारण असे की, आज आपल्याला दिसते ती फियाट उरलेल्यांतली आहे. तिच्याबरोबर कुर्ल्यातून निघालेल्या बाकीच्या गाड्या कधीच भंगारात वितळून गेल्या. त्या ‘जुनं लोखंड’ म्हणून कुणी दाखवत नाही.

इंजिन झिजते ते कसे, हे पाहिले की किलोमीटरचा आकडा किती फसवा आहे ते कळते. चालत्या गरम इंजिनात धातू धातूला फारसा लागत नाही, मध्ये तेलाचा पापुद्रा असतो. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल निथळून खाली चेंबरमध्ये जाते. सकाळी सेल्फ मारल्यावर तेल पुन्हा वर चढेपर्यंतची घासाघीस, त्यात चोक ओढलेला, म्हणजे जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे उरलेसुरले तेल धुऊन नेते. इंजिन गरम व्हायच्या आत गाडी बंद केली तर आत साठलेली वाफ पाणी होऊन तेलात मिसळते. बरीचशी झीज या पहिल्या काही मिनिटांत होते. आमच्याकडे चांदीची मूस उतरली की वजन पुन्हा करतात आणि घट धरतात. इंजिनाची घट धरायची तर किलोमीटरपेक्षा थंड इंजिनाला किती वेळा किल्ली मारली ते मोजावे लागेल. गावातल्या गावात बाजारहाट करणारी, वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणारी गाडी ‘कमी चाललेली’ म्हणून चढ्या भावाने विकली जाते. मला ती घ्यायची वेळ आली तर मी दहादा विचार करीन.

उलट बाजूची दोन उदाहरणे जगभर माहीत आहेत. अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन यांची १९६६ सालची व्होल्व्हो पी १८०० सप्टेंबर २०१३ मध्ये तीस लाख मैलांवर, म्हणजे ४८ लाख किलोमीटरवर पोहोचली. ग्रीसमधल्या थेसालोनिकीचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिदिस यांच्या मर्सिडीज २४० डी ने ४६ लाख किलोमीटर केले. २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. दोन्ही गाड्या लांब पल्ल्याच्या, सतत गरम राहणाऱ्या. पण ग्रीक टॅक्सीत इंजिने अनेकदा बदलली गेली होती. एक दुरुस्तीला, दुसरे गाडीत. ‘एकच गाडी’ म्हणायचे ते नेमके कशाला, असाही वाद त्यावर घालता येईल.

त्या २४० डी मध्ये जे डिझेल इंजिन होते त्याचे नाव ओएम ६१६. आपल्या पश्चिम महाराष्ट्राने हे इंजिन फार जवळून पाहिले आहे, फक्त नाव ठाऊक नाही. १९८० च्या दशकात पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज टेम्पोने त्याचा परवाना घेतला आणि ते ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्समध्ये बसवले. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे वडापला धावणाऱ्या ट्रॅक्सच्या पोटात हाच जर्मन टॅक्सीचा वंश होता. २.४ लिटरमधून मूळ ताकद अवघी ६५ अश्वशक्ती, लिटरमागे २७. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, पट्ट्याऐवजी टायमिंग चेन. एकदा चालू झाले की त्याला विजेचीही फारशी गरज नाही. नऊ जणांच्या गाडीत पंधरा, मागे लोंबकळणारे दोन आणि टपावर भाजीच्या पाट्या, असे वडाप दिवसभर फेऱ्या मारत राहायचे. हे हाल त्या इंजिनाला मानवले, कारण ते दिवसभर थंडच होत नसे. आणि दुसरे असे की ते बिघडले तर दुरुस्त करणारे हात जवळ होते.

टिकाऊपणाचे खरे उत्तर मला या दुसऱ्या गोष्टीत सापडते. सिलिंडर झिजला तर तो दहा, वीस, तीस, चाळीस हजारांश इंच वाढवून बोअर करायचा आणि तेवढ्या मापाचा पिस्टन टाकायचा. चाळीसच्याही पुढे गेले तर स्लीव्ह मारून पुन्हा मूळ मापावर यायचे. क्रँक घासून बारीक करायचा, त्या मापाचे बेअरिंग घ्यायचे. हा जणू आधीच ठरवून ठेवलेला पुनर्जन्मांचा हिशोब होता. त्यासाठी लेथ, बोअरिंग मशीन आणि जाणता कारागीर हवा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे सगळे होते, आजही आहे. शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेली ही माणसे. त्यांना फियाटचा ब्लॉक काय अवघड? ओतकामाच्या फाउंड्ऱ्या इथल्याच, मेनन पिस्टन्सचा कारखाना शिरोलीत, मेनन बेअरिंग्जचा गोकुळ शिरगावात. कोल्हापूर भागात जुनी गाडी टिकली यात इटली-जर्मनीइतकाच वाटा उद्यमनगरचा आहे.

इंधन बदलल्याने जुनी इंजिने मरतील ही भीतीही नवी नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला जपत असे; तो गेल्यावर नरम लोखंडी बैठका खचू लागण्याचा धोका होता. तोडगा वर्कशॉपमध्येच निघाला : हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसवायच्या. ऑइलचे प्रकरण याहून गमतीचे आहे. नव्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपायचा म्हणून आधुनिक ऑइलमधले झिंक-फॉस्फरसचे मिश्रण कमी केले गेले. जुन्या कॅमला आणि टॅपेटला तेच मिश्रण वाचवत होते. ‘सगळ्यात महागडं, लेटेस्ट ऑइल घाला’ असा जुन्या फियाटच्या मालकाला दिलेला सल्ला म्हणूनच चुकीचा ठरू शकतो.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. आमच्यासाठी यात एक वेगळीच गंमत आहे. हुपरीच्या शिवारातला ऊस जवाहर कारखान्याला जातो. या सगळ्या पट्ट्याचे अर्थकारण उसावर, आणि इथेनॉल उसाला हात देणारे. त्याच्याविरुद्ध बोलणे म्हणजे आपल्याच शेतावर बोलणे. तरी हिशोब हिशोबाच्या जागी. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे की जुन्या धाटणीच्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरू शकते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून जेटमध्ये आणते, जुन्या रबराला फुगवते. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरच्या ठरलेल्या जेटमधून मिश्रण पातळ जाते आणि इंजिन तापते. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या मेबॅकसारखी, दसऱ्याला दिमाखात बाहेर येणारी आणि एरवी विसावणारी गाडी असेल तर उभ्या टाकीतल्या पेट्रोलची काळजी जास्तच.

पण यातही फियाटचे निभावून जाईल, असा माझा अंदाज आहे. इथेनॉल सोसणाऱ्या रबराची नळी, पंपाचा पडदा, एक माप मोठा जेट. दिवसाभराचे काम आणि परवडणारा खर्च. मला चिंता वाटते ती २००० ते २०१० मधल्या गाड्यांची. त्यांना आपण अजून ‘जुन्या’ म्हणत नाही. इंजिने उत्तम, भरवसा फियाटच्या दसपट. पण त्यांचे आयुष्य एका डबीत बंद केलेले आहे : ईसीएम. तिच्यातले कपॅसिटर आणि झाळणीचे सांधे वयाने थकतात, आणि ती डबी ना लेथवर बनते ना ओतली जाते. कंपनीने पार्ट बंद केला की भंगारातल्या गाडीची डबी शोधायची, तीही तेवढीच म्हातारी. काही नव्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवर नुसता कठीण थर असतो. ओव्हरसाइज पिस्टन कंपनी काढतच नाही. पिस्टन ठणठणीत असताना हजारो रुपयांच्या एका सुट्या भागापायी गाडी भंगारात जाते.

त्यात कागदाची भर. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. कारसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले. वीस वर्षांवरच्या कारसाठी २०२५ मध्ये ते दहा हजारांवर गेले. गाडी महिन्यातून एकदा चालते की रोज, धूर किती सोडते, इंजिन कधी उघडले, यातले काहीही या आकड्यात नाही. पद्मिनीचा शौकीन हौसेपोटी दहा हजार भरेल. २००५ सालच्या छोट्या गाडीतून रोज इचलकरंजीला सूत घेऊन जाणारा माणूस भरेल का, हे तिच्या ईसीएमची डबी त्या वर्षी टिकते की नाही यावर ठरेल.