मुलाखतीत आपणही प्रश्न विचारावेत

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा भागांतील मुले-मुली नोकरीच्या मुलाखतीसाठी नागपूर-पुण्यापर्यंत जातात. आईवडिलांनी उसनवार करून भाड्याचे पैसे दिलेले असतात. म्हणून कसेही करून निवड व्हावी, एवढाच विचार मनात असतो. मालक आपली पारख करतो. पण मालकाची पारख करण्याचीही हीच वेळ असते, हे आपण विसरतो.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पद मिळाले, पण राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथूनही घालविले आणि ते मुंबईस परतले. बाबासाहेब कराराने बांधलेले होते. आज आपल्याला आधी चौकशी करण्याची मोकळीक आहे. तिचा उपयोग करावा.

मुलाखतीच्या शेवटी "काही विचारायचे आहे का?" असे म्हणतात. तेव्हा मान हलवून उठू नये. नम्रपणे विचारावे : नेमणूकपत्र केव्हा मिळेल? सर्व कपाती जाऊन हातात किती पगार पडेल, आणि तो बँकेत जमा होईल का? परिविक्षा काळ किती? भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ही योजना साधारणपणे लागू असते. राहण्याची सोय कोठे आहे?

उत्तराइतकीच उत्तर देण्याची रीतही पाहावी. साध्या प्रश्नाने जो चिडतो, तो पुढे रजा मागितल्यावर काय करील? कामाचे सोडून आडनावावरून जात काढीत बसतो, तेथे पुढे कसे वागवतील हेही ओळखावे. बाहेर पडताना तेथील शिपायाशी, कामगारांशी दोन शब्द बोलावेत. पगार वेळेवर होतो की नाही, हे तेच खरे सांगतात.

मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, पण ठेवून देऊ नयेत; छायांकित प्रती द्याव्यात. नोकरीसाठी 'डोनेशन' किंवा अनामत मागितली, तर शेत गहाण टाकण्यापूर्वी घरी व समाजातील नोकरदार मंडळींशी बोलावे.

गरज मोठी असली, तर कमी पगाराची नोकरीही धरावी लागते. त्यात कमीपणा नाही. मात्र ती डोळे उघडे ठेवून धरावी, एवढीच आमची विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती आहे.