विश्लेषण : अ‍ॅल्युमिनियमची होडी गंजत नाही, मग ती मोडीत का निघते?

अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन अशा तळ्यांच्या राज्यांत घरामागच्या अंगणात चाळीस-पन्नास वर्षांची अ‍ॅल्युमिनियमची होडी उलटी पडलेली दिसणे नवे नाही. अशी होडी किरकोळ किमतीत घ्यायची, हिवाळाभर गॅरेजमध्ये दुरुस्त करायची आणि उन्हाळ्यात मासेमारीसाठी तळ्यावर न्यायची, हा तिथला आवडता उद्योग. त्याचे व्हिडिओ आपल्याकडेही चवीने पाहिले जातात. व्हिडिओच्या शेवटी होडी चकचकीत दिसते. ती सुरक्षित झाली का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

या होड्या आल्या कुठून?

दुसऱ्या महायुद्धाच्या विमान कारखान्यांतून. हेलकॅट लढाऊ विमाने बनवणाऱ्या ग्रमन कंपनीचे अधिकारी विल्यम हॉफमन १९४४ मध्ये अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगराळ भागात जड लाकडी कनू खांद्यावरून वाहून नेताना वैतागले. विमानाचा पत्रा वापरला तर, हा विचार तिथून आला आणि १९४५ पासून कंपनी अ‍ॅल्युमिनियमच्या कनू बनवू लागली. पुढे चंद्रावर उतरणारे ‘अपोलो’चे यानही याच कंपनीने बांधले. युद्ध संपल्यावर विमानांची मागणी घटली; पत्रा आणि रिव्हेट मारणारे कसबी हात मात्र होतेच. इतर कंपन्याही या धंद्यात उतरल्या. १२ ते १६ फुटांच्या रिव्हेटच्या मासेमारी होड्या तेव्हापासून घरोघरी पोहोचल्या.

गंज नाही, तर मग धोका कशाचा?

अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो. हा थर लोखंडाच्या गंजासारखा झडत नाही, उलट खालच्या धातूला झाकून ठेवतो. ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा तयार होतो. पण दोन गोष्टींपुढे तो हरतो. एक म्हणजे हवा न लागणारी कायमची ओल. दुसरी, शेजारी चिकटलेला तांबे किंवा स्टीलसारखा वेगळा धातू.

स्टीलच्या डब्यातल्या लोणच्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून ठेवली की काही दिवसांत तिला बारीक भोके पडतात. आमच्या घरी याचे खापर फॉइलच्या दर्जावर फुटायचे. खरे तर तो डबा एक छोटी बॅटरी झालेला असतो : स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि मधे खारट-आंबट खार. बॅटरीत झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ‘गॅल्व्हॅनिक करोजन’ पाठ करून मार्क मिळवले, पण त्याचा डब्याशी संबंध लागायला बरीच वर्षे गेली. होडीतही नेमके हेच घडते. खाऱ्या पाण्यात झपाट्याने, गोड्या पाण्यात सावकाश.

आणि इथेच घरगुती दुरुस्ती फसते. होडीच्या मागच्या उभ्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. मोटर तिलाच अडकवलेली असते, म्हणून पत्र्याला आतून जाड प्लायवूडचा आधार दिलेला असतो. जुन्या होडीत हे लाकूड हमखास कुजलेले निघते. (मोटर हाताने वर-खाली हलवून पाहिली आणि भिंतही हलली, तर आतले लाकूड संपले आहे.) मालक दुकानातून ‘न कुजणारे’ प्रक्रिया केलेले लाकूड आणतो. अमेरिकेत २००३ अखेरपर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे मिश्रण असे. आर्सेनिकमुळे ते घरगुती वापरातून बाहेर पडले आणि त्याजागी आलेल्या रसायनांत तांब्याचे प्रमाण बरेच वाढले. असे लाकूड ओलसर राहून पत्र्याला टेकले, की पन्नास वर्षे टिकलेला पत्रा काही हंगामांत आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग छान दिसत असतो. योग्य उपाय म्हणजे साधे मरीन प्लायवूड, सर्व कडा आणि भोकांसह इपॉक्सीत बंद केलेले. स्टेनलेस बोल्ट वापरावेच लागतात. मात्र त्यांच्याखाली नायलॉनचे वायसर आणि सीलंट हवे. तळात पडलेले तांब्याचे नाणेसुद्धा पत्र्याला भोक पाडू शकते. फळ्यांवर चिकटवलेला कार्पेट दिसायला झकास, पण तो ओल धरून ठेवतो.

गळती कशी शोधतात?

होडी ट्रेलरवर ठेवून आत पाणी भरायचे आणि खालून ठिपकणाऱ्या जागांवर खुणा करायच्या. पद्धत सोपी, पण हिशेब करून. १४ फूट लांब, साडेतीन फूट रुंद तळावर चार इंच पाणी म्हणजे जवळपास साडेचारशे किलो. होडीला पाणी बाहेरून झेलायची सवय असते, आतून नाही. तळाला नीट आधार नसेल तर पत्रा वाकतो.

गळते ते बहुधा सैल रिव्हेट. एकाने आतून लोखंडी ठोकळा धरायचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडा मारायचा, की बरेच रिव्हेट पुन्हा घट्ट बसतात. भोक मोठे झाले असेल तर एक माप मोठा भरीव रिव्हेट. बाजारातले साधे पॉप रिव्हेट मधून पोकळ असतात. पाण्याखाली ते लावायचे तर बंद टोकाचे आणि सीलंटसह. वेल्डिंगचा मोह होतो, पण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्यावरचा ऑक्साइड दोन हजारांहून अधिक अंशांना. नवख्याच्या हातून वरचा थर फुटेपर्यंत खालचा पातळ पत्रा गळून पडतो आणि त्या उष्णतेने शेजारचे धड असलेले रिव्हेटही सैल होतात.

बाकाखालच्या फोमचे एवढे काय?

हा सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात जीवघेणा भाग आहे. अ‍ॅल्युमिनियम पाण्यापेक्षा २.७ पट जड. म्हणजे १०० किलोची होडी पाण्याने भरली, तर पाण्याखाली तिचे वजन सुमारे ६३ किलो भरते आणि ती तळाला जाते. तिला वर ठेवतो तो बाकांच्या पोकळीतला फोम. फक्त रिकामा सांगाडा तरंगवायला सुमारे ६५ लिटर फोम लागतो. ऑफिसातले २० लिटरचे पाण्याचे सव्वातीन जार डोळ्यांपुढे आणा. मोटर, बॅटरी आणि माणसांसाठी आणखी वेगळा.

जुना फोम अनेकदा स्पंजासारखा पाणी पिऊन बसलेला असतो. तो काढायलाच हवा, पण त्या जागी तेवढाच नवा भरायलाही हवा. थर्माकोल स्वस्त असला तरी पेट्रोल सांडले की विरघळतो. अनेक व्हिडिओंत याहून वाईट होते : ‘जागा मोकळी’ करण्यासाठी मधले बाक कापून टाकतात आणि वर प्लायवूडचा उंच डेक, खुर्च्या, बॅटऱ्या येतात. बाक नुसते बसायला नसते. ते दोन्ही बाजूंचे पत्रे ताणून धरते आणि फोमही त्यातच असतो. एका कापण्यात ताकद, तरंग आणि तोल तिन्ही जातात. अमेरिकेत १९७१ च्या बोट सुरक्षा कायद्यानंतर २० फुटांखालच्या होड्यांवर किती माणसे, किती वजन आणि किती ताकदीची मोटर चालेल, याची पाटी १ नोव्हेंबर १९७२ पासून सक्तीची झाली. बाक कापलेल्या होडीवर ती पाटी तशीच असते, पण तिच्यावरचे आकडे आता दुसऱ्याच होडीचे असतात.

रंग आणि कागदपत्रे?

गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमवर रंग धरत नाही. घासून लगेच एच प्रायमर मारावा लागतो. तळाला तांबे असलेला शेवाळरोधक रंग अजिबात नको. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसे आणि पिवळसर-हिरव्या प्रायमरमध्ये विषारी क्रोमेट असू शकते, त्यामुळे कोरडे घासून धूळ उडवू नये. रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरणाऱ्यांची होडीच विरघळू लागते.

नोव्हेंबर १९७२ नंतरच्या होडीवर मागच्या भिंतीला १२ अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. ट्रान्सम बदलताना तो खरवडला जाणार नाही, हे पाहावे लागते. नोंदणीच्या वेळी तोच विचारतात. त्याआधीच्या होडीसाठी राज्याच्या कार्यालयातून नवा क्रमांक घ्यायचा, तर आधीच्या मालकाची सहीची पावती जपून ठेवलेली बरी.